खांबाच्या मधली दोन बोटं

मार्लस्टनच्या समुद्रासमोर ऑगस्टा टेरेस उभी होती. अकरा घरांची एक रांग, पण किनाऱ्यावरून चालणाऱ्याला अकरा घरं म्हणून ती दिसायचीच नाहीत. दिसायचा एकच राजवाडा. साईच्या रंगाचा गुळगुळीत गिलावा, तळमजल्यावर दगडी बांधकामाचा भास व्हावा म्हणून त्यात ओढलेल्या रेघा, पहिल्या मजल्यावर पुरुषभर उंचीच्या खिडक्या आणि लोखंडी नक्षीचे सज्जे, वर क्रमाक्रमाने ठेंगण्या होत जाणाऱ्या खिडक्या, आणि अगदी वर कठड्यामागे नोकरांची डोकी लपवणारा माळा. मधल्या पाच घरांना तर भिंतीत अर्धे रुतलेले उंच खांब होते. खांबांच्या माथ्यावर शंखासारखी वेटोळी कोरलेली. शाळिग्राम फोडला की आत दिसतं, अगदी तसलं चक्र.

मागच्या गल्लीत गेलं की मात्र रंगपटात शिरल्यासारखं व्हायचं. तिथे एका घराचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुणाची पाठ विटांची, कुणाची गारगोट्यांची, कुणाचा शौचालयाचा नळ दुसऱ्याच्या खिडकीवरून गेलेला. कारण सरळ होतं. बांधणाऱ्याने आधी दर्शनी भाग उभा केला, आणि कापडाचं ठाण मोजून द्यावं तसा तुकडे करून विकला. ज्याने जेवढा तुकडा घेतला, त्याने त्याच्यामागे आपल्या ऐपतीचं घर जोडलं. पुढे सगळे राजे, मागे ज्याचं त्याचं.

हेस्टर पेलिंग सहा नंबरच्या तळघरात वाढली. तिची आई तिथे भांडी घासायची. हेस्टरला लहानपणी ते घर खालून वर असंच ठाऊक होतं. आधी अंगणातल्या खड्ड्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, मग स्वयंपाकघर, मग नोकरांचा अरुंद जिना. पुढचा रुंद जिना ती पहिल्यांदा चढली ती मालकीण वारल्यावर, फुलं वर न्यायला माणूस कमी पडलं म्हणून. पुढे ती नाटक कंपनीत गेली, कपडे सांभाळायला. गावोगाव हिंडली, लेन पेलिंग नावाच्या सुताराशी लग्न केलं. तो रंगमंचावर राजवाडे उभारायचा आणि दुसऱ्या गावी जायचं म्हणून आठवड्याच्या शेवटी पाडायचा. श्रीमंत लोक ऑगस्टा टेरेस सोडून गेले आणि घरं पडून राहिली, तेव्हा या दोघांनी सहा नंबर घेतलं आणि नाटकवाल्यांचं बिऱ्हाड सुरू केलं.

लेनने पहिल्या दिवशी रस्त्यापलीकडे उभं राहून त्या दर्शनी भागाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हेस्टर, आयुष्यभर मी हेच बांधत आलो गं. फक्त हे पाडायचं नाही."

लेन युद्धात मारला गेला. बिऱ्हाड चालू राहिलं. गाणारे, नकला करणारे, हातचलाखीवाले, गळ्याला मफलर गुंडाळून न बोलता चहा पिणाऱ्या नायिका, सगळे सहा नंबरात उतरायचे. हेस्टर त्यांना सकाळी खारवलेले मासे आणि पाव वाढायची, कंपनी बुडाली तर भाड्याचा विषय काढायची नाही. विदूषकाची कामं करणारा मॉन्टी ब्रिग्ज एका आठवड्यासाठी आला आणि राहूनच गेला.

"मालकीणबाई, मी जातो म्हणालो होतो ना?" तो दर वर्षी विचारायचा.

"म्हणाला होतास. जा की मग."

"मासे संपले की जातो."

सात नंबरात सायलस टिकनर राहायचे. बँकेतले कारकून, चॅपलचे, म्हणजे कडक पंथाच्या प्रार्थनामंदिराचे, पक्के माणूस, काळा कोट, काळी छत्री. त्यांच्या मते नाटक म्हणजे नरकाचा दर्शनी भाग. त्यांची बायको ऑलिव्ह नाटकाच्या दारात कधी गेली नाही. पण दोन्ही घरांचे पहिल्या मजल्यावरचे सज्जे एकमेकांना लागून होते, मध्ये फक्त लोखंडी जाळी. त्या जाळीतून ऑलिव्हने एकदा मुरांब्याची बरणी पुढे केली, आणि हेस्टरने रिकामी बरणी परत देताना तिच्यात जांभळी फुलं घालून दिली. मग ते चालूच राहिलं. दोन घरांमधली सामाईक भिंत बाहेरून भारदस्त, आतून कागदासारखी. ऑलिव्ह विणायची खुर्ची त्या भिंतीलाच लावून बसायची.

"मी थिएटरात जात नाही हं," ती हेस्टरला म्हणायची. "पण भिंतीतून आपोआप येतं, त्याला मी काय करणार?"

"टिकनरसाहेब काय म्हणतात?"

"ते म्हणतात, भिंतीतून काही ऐकू येतं का तुला? मी म्हणते, नाही बाई. मग ते पेपर वाचतात आणि पाय हलवतात. तालावर."

सत्तेचाळीस सालच्या त्या भयंकर हिवाळ्यात समुद्रकाठी गुडघाभर बर्फ पडलं, कोळसा मिळेना, आणि ऑलिव्हच्या छातीत सर्दी उतरली. आठवड्याभरात ती गेली. अंत्यविधीच्या सकाळी हेस्टर, मॉन्टी आणि तेव्हा बिऱ्हाडात असलेली एक गायिका काळे कपडे करून सात नंबरच्या दाराशी गेली. हेस्टर म्हणाली, "टिकनरसाहेब, ऑलिव्हसाठी एक गाणं म्हणावं म्हणून आलोय. प्रार्थनेचंच म्हणू."

सायलसने तिच्याकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. "आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता गाणं घेऊन आलात?" आणि दार लावलं. हळू नाही लावलं.

तिघंजण बर्फात उभी राहिली. हेस्टरच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. नाटकवाली माणसं उंबऱ्यात नकोत. मैत्रिणीच्या शवपेटीपाशीही नकोत. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं बंद झालं.

आता त्या खांबाचं. सहा आणि सात नंबरच्या हद्दीवर एक खांब होता. हद्दीची रेघ त्याच्या बरोबर मधून जायची, म्हणजे डावा अर्धा सहा नंबरचा, उजवा सात नंबरचा. टेरेसच्या खरेदीखतात पहिल्यापासून अट होती की दर पाच वर्षांनी सगळ्यांनी आपापला दर्शनी भाग एकाच साईच्या रंगात रंगवायचा. पूर्वी एकाच महिन्यात सगळ्या रांगेला शिड्या लागायच्या, लग्नघरासारखा थाट असायचा. भांडणानंतर हेस्टर वसंतात रंग काढू लागली आणि टिकनर शरदात; दोघांचे रंगारी शेजारी शेजारी उभे राहायला नकोत म्हणून. आणि खांबाशी येऊन दोघंही थांबायचे. शेजाऱ्याला फुकटचा एक फटकाराही जाऊ नये म्हणून रेघेच्या जरा अलीकडेच.

रंगारी शिडीवरून ओरडायचा, "बाई, मध्ये दोन बोटं राहिलीत हो!"

"ती त्यांची," हेस्टर खालून सांगायची.

शरदात दुसरा रंगारी म्हणायचा, "साहेब, मध्ये पट्टा राहतोय."

"तो त्यांचा," टिकनर म्हणायचे आणि छत्री उघडायचे.

असा खालपासून वरच्या शंखापर्यंत तो खांब मधोमध उघडा राहिला. वीस हिवाळे वारा समुद्रावरून खारं पाणी घेऊन यायचा आणि नेमकं तिथेच मारायचा. टेरेसमधले बाकीचे शेजारी हे पाहत होते. पण दुसऱ्याच्या खांबाबद्दल बोलायचं नाही, ही तिथली रीत. लोक टोप्या उचलायचे, हवेबद्दल बोलायचे आणि पुढे जायचे.

अडुसष्ट सालच्या ऑक्टोबरात, एका वादळी दुपारी, खांबाच्या माथ्यावरचा शंख सुटला आणि फरसबंदीवर पडून फुटला. कुणी खाली नव्हतं हे नशीब. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे तपासनीस हॅफेन्डन आले. तरुण माणूस, पण बोलणं जपून. त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या खोलीत सामाईक भिंत आणि दर्शनी भिंत मिळतात त्या कोपऱ्यात हात घातला. हात आत गेला. मनगटापर्यंत.

"पेलिंगबाई, पुढची भिंत घरापासून सुटत चाललीय," ते म्हणाले. "या भिंती म्हणजे गारगोट्या, विटांचे तुकडे आणि चुना. मध्ये आधाराला आडवी लाकडं घातलेली. खांबातून पाणी गेलंय आणि लाकडं कुजलीत. वसंतापर्यंत काम सुरू व्हायला हवं. नाहीतर सहा आणि सात, दोन्ही दर्शनी भाग उतरवावे लागतील."

"आणि मागचं घर?"

"पुढचं उतरवल्यावर मागे उरतं काय, बाई? बाहुलीचं घर. पुढून उघडं. तिथे कुणाला राहू देता येणार नाही."

मॉन्टी दाराशी उभा होता. आता ऐंशीकडे झुकलेला. तो म्हणाला, "उघड्या घरात राहायची मला सवय आहे, साहेब. पन्नास वर्षं तीन भिंतींतच काढलीत." कुणी हसलं नाही. तोही नाही.

"मग करा दुरुस्ती," हेस्टर म्हणाली. "आजच करा."

"अर्धा खांब दुरुस्त करता येत नाही. खर्चाला नगरपालिका हातभार लावेल, त्याची काळजी नको. पण शेजाऱ्यांची सही लागेल. मी तीनदा घंटी वाजवली. ते दार उघडत नाहीत."

त्या आठवड्यात हेस्टर जेवली नाही म्हणायला हरकत नाही. ती वर जायची, खोल्या बघायची, खाली यायची. मॉन्टीसारखी आणखी दोन म्हातारी माणसं तिच्याकडे होती, ज्यांना आता कुठलीच कंपनी घेणार नव्हती आणि कुठलंच घर. आणि घर तर तिचं स्वतःचं होतं. आईने ज्याच्या तळघरात पाठ मोडून घेतली ते. एका अर्धवट रंगवलेल्या खांबापायी ते जाणार होतं. आणि तो खांब अर्धवट ठेवणाऱ्यांत तीही होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जा ना तिकडे," मॉन्टी म्हणाला.

"मी? ज्या माणसाने तोंडावर दार आपटलं त्याच्याकडे?"

"मालकीणबाई, मला लोकांनी तोंडावर कोबी मारलेत. दुसऱ्या दिवशी मी परत जायचोच. पोटाचा प्रश्न होता."

ती गेली. पुढच्या दाराची घंटी वाजवली, कुणी आलं नाही. मग ती वळली आणि तळघराच्या पायऱ्या उतरली. खालून वर कसं जायचं हे तिला त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सायलस टिकनर टेबलापाशी बसले होते, अंगात कोट, पायांवर घोंगडी. एवढ्या मोठ्या घराच्या वरच्या खोल्या बंद करून म्हातारा तळघरात राहत होता, कारण चूल तिथेच होती.

"टिकनरसाहेब," ती उभ्यानेच म्हणाली, "मी भांडायला आले नाही. तुम्ही मला नाटकवाली म्हणून दारातून घालवलंत, ते मी गिळलं. पण घर पडतंय. ते गिळता येत नाही. सही करा."

त्यांनी मान वर केली. डोळे पाण्याने भरलेले होते की म्हातारपणाने, कळेना. "नाटकवाली म्हणून?" ते म्हणाले. "तुम्हाला इतकी वर्षं असं वाटत होतं?"

"मग दुसरं काय वाटायचं?"

त्यांनी पायांवरची घोंगडी नीट केली. मग म्हणाले, "तो आठवडा आठवतो? बर्फाचा?"

"आठवतो तर."

"तुमच्या घरातून आवाज येईना."

"येणार कसा? मीच ताकीद दिली होती सगळ्यांना. पलीकडे आजारी माणूस आहे, पाय वाजला तर बाहेर काढीन म्हणून. मॉन्टीला बूट हातात घेऊन जिना चढायला लावला. पियानोवर गोधडी टाकली मी!"

"हं," सायलस म्हणाले. "मी तिचा पलंग त्या भिंतीशी सरकवला होता. तिनेच सांगितलं सरकवायला. रोज विचारायची, आज मंडळी नाहीत का? मी म्हणायचो, येतील, बर्फात अडकली असतील. शेवटच्या दिवशी म्हणाली, गेली वाटतं सगळी. मला न सांगता गेली."

हेस्टरने खुर्चीची पाठ धरली. मग तिचा आवाज चढला, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं. "मग भिंतीवर एक थाप का नाही मारलीत हो? एक थाप! अख्खं घर नाचलं असतं तिच्यासाठी!"

"काय सांगणार होतो?" ते हळूच म्हणाले. "मी, चॅपलचा सायलस टिकनर, शेजाऱ्यांना सांगणार की माझ्या बायकोला तुमची गाणी आवडतात, आणि खरं म्हणजे मलाही? जिन्यापर्यंत गेलो होतो दोनदा. परत आलो. तुम्ही गाणं घेऊन दाराशी आलात ना, तेव्हा तुमचा राग नव्हता आला, पेलिंगबाई. माझा आला होता. पण माणूस स्वतःवर दार आपटू शकत नाही."

चुलीतला निखारा ढासळला. हेस्टर खुर्ची ओढून बसली. दोघांनी मिळून, अगदी सभ्यपणे, एका बाईला शांततेत मरायला लावलं होतं. एकीने आदरापोटी, दुसऱ्याने लाजेपोटी. 

"चहा आहे का?" तिने विचारलं.

"आहे. पण फार वेळ उकळलाय."

"असू द्या."

सही त्यांनी दुसऱ्याच दिवशी केली. मार्चमध्ये रस्त्यावर मोठमोठे टेकू लागले आणि कामगारांनी खांब वरून खाली उतरवत आणला. सगळी टेरेस बाहेर येऊन पाहत होती. कुणी मुद्दाम आलेलं नव्हतं, सगळ्यांना नेमकी तेव्हाच कुत्री फिरवायची होती. गिलावा निघाला आणि आतलं दिसलं. लाकडं हातात घेतली की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी गळून पडत होती. बाकी सगळा राडारोडा. विटांचे अर्धे तुकडे, समुद्रावरचे गोटे, शिंपले, फुटक्या कपाचा कान.

सायलस छत्रीवर रेलून बघत राहिले. "या खांबाला मी आयुष्यभर टोपी उचलून मान देत आलो," ते म्हणाले. "आत हे होतं?"

"राजाच्या मुकुटाच्या आत काय असतं ते मी पाहिलंय, टिकनरसाहेब," हेस्टर म्हणाली. "पुठ्ठा आणि घाम. पण डोक्यावर बसला की राजा होतो. वाईट काही नाही त्यात. फक्त कोरडा ठेवावा लागतो."

नवा खांब एकाच दमात वर चढवला गेला. पुढच्या भिंतीला लोखंडी दांड्यांनी सामाईक भिंतीशी बांधून टाकलं. दांड्या दोन्ही घरांतून आरपार गेल्या. दोन्ही घरांना रंगारी एकच होता. खांबापाशी पोचल्यावर त्याने सवयीने खाली पाहिलं. खाली उभ्या असलेल्या दोघांनी काही म्हटलं नाही, तेव्हा तो पुढे गेला.

त्यानंतर सायलस टिकनर रविवारी चॅपल आटोपून सहा नंबरात जेवायला येऊ लागले. मॉन्टीशी त्यांचं कधी पटलं नाही.

"तुम्ही देवाला हसवता का हो कधी?" मॉन्टी विचारायचा.

"देवाला विनोद आवडतात," सायलस म्हणायचे, "तुमचे नसतील."

सत्तर सालच्या शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. हेस्टरने त्यांचा पलंग पहिल्या मजल्यावर, त्या भिंतीशी लावून घेतला. त्यांनी काही मागितलं नाही. फक्त एकदा तिचं मनगट धरून म्हणाले, "पेलिंगबाई, घर गप्प करू नका."

ती आपल्या घरी गेली, जिन्याखाली उभी राहिली आणि सगळ्यांना बोलावून म्हणाली, "पलीकडे आजारी माणूस आहे. ज्याचा आवाज येणार नाही त्याला बाहेर काढीन."

त्या तीन म्हाताऱ्यांनी कुठल्याही नाट्यगृहात केली नसतील अशी कामं त्या दिवसांत केली. पियानोचे निम्मे सूर गेले होते. त्यांच्यातल्या गायिकेला वरचा स्वर लागत नव्हता, तिने तो तसाच लावला. शेवटच्या दुपारी चॅपलचे पाद्री सायलसच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणत होते, आणि भिंतीपलीकडे मॉन्टीने खाटकाच्या बायकोचं ते गाणं सुरू केलं, जे सभ्य वस्तीत कुणी म्हणत नाही. पाद्री लाल झाले. थांबले. हेस्टरकडे वळून हळूच म्हणाले, "कुणीतरी जाऊन त्यांना सांगायला हवं."

हेस्टर सायलसच्या पायाशी बसली होती. पांघरुणाखाली ते पाय हलत होते. अगदी थोडे, पण तालावर.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं म्हणा, पाद्रीसाहेब. ते त्यांचं म्हणतील."

पाद्रींनी पुस्तकात डोळे घातले आणि पुढची ओळ म्हटली, जरा मोठ्याने. भिंतीपलीकडे मॉन्टी दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचला. तिसरं त्याला कधीच आठवायचं नाही. क्षणभर सगळं थांबलं, पियानोवर कुणीतरी चुकीची पट्टी दाबली, आणि म्हाताऱ्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पांघरूण तोवर निश्चल झालं होतं. हेस्टरने उठून भिंतीवर थाप मारली नाही. मॉन्टीला गाणं संपेपर्यंत गाऊ दिलं.